पहिला तास : महाडचा विंचू आणि आपल्याकडचा मण्यार

मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा आपण वर्षावासातील प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. विषारी बाण लागलेला माणूस हट्ट धरतो की, बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळातला, धनुष्य कशाचे होते हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तथागतांनी ही उपमा निष्फळ प्रश्नांसंबंधी दिली. परंतु आमच्या कुटुंबात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मला ती शब्दशः खरी वाटू लागली.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझा मावसभाऊ पावसाळ्यात जमिनीवर घोंगडे टाकून झोपला होता. पहाटे त्याच्या पोटात दुखू लागले. अंगावर कुठे दंशाची खूण नव्हती. ओवा झाला, गरम पाणी झाले. पुढे त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या, तेव्हा काल कोणाच्या बांधावर गेला होता, कोणाकडे जेवला, याची चौकशी सुरू झाली. मग भगत, मग उतारा. दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. हा मण्यारीचा दंश असावा, असे डॉक्टरांनी लक्षणांवरून सांगितले. घरातील आम्ही सर्व शिकलेले. मी तर पदवीधर! त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, त्याचे हे टिपण.

या वाचनात महाड पुन्हा भेटले. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते महाड. त्याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. ते आजच्या जालना जिल्ह्यातील एका खेड्यातले, नागपूरला एम.बी.बी.एस. झालेले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे व मुले दगावत होती. विंचवाने वेदना होतात, मरण कसे येते, याचे समाधानकारक उत्तर पुस्तकात नव्हते. तेव्हा हे डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसले आणि काय काय होते ते लिहीत गेले. उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब आधी चढतो व मग कोसळतो, शेवटी फुफ्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. म्हणजे मारते ते विषामुळे थकलेले हृदय. ही निरीक्षणे 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

कारण कळले, पण उपाय? पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच आले, ही गोष्ट मला त्यांच्या संशोधनाइतकीच मोठी वाटते. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हा विचार करून त्यांनी प्रथम शिरेतून द्यायचे नायट्रोप्रुसाइड वापरले. त्याच्या थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागते. खेड्यात ते अवघड. नंतर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी दिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनवर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यंत्रे नसलेल्या ठिकाणीही अतिदक्षता असू शकते, ती डॉक्टरांच्या डोळ्यांत असते, हे त्यातून कळते.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे सांगलीकरांना नाग ठाऊक असतो, पण अंथरुणात शिरणारा मण्यार, उसाच्या फडातला व गवतातला घोणस आणि दगडाखालचे फुरसे यांची ओळख कमी. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, गिळता येत नाही, आवाज बसतो आणि अखेर छातीचे स्नायू थांबतात. ध्यानात घ्यावे की, असा रुग्ण निपचित दिसला तरी अनेकदा त्याला सर्व ऐकू येत असते. त्याला हाताने दाबायच्या अंबू बॅगने किंवा व्हेंटिलेटरने श्वास देत राहिले, तर तो उठून बसतो. आमच्या भावाला हवे होते ते एवढेच.

घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्याची परीक्षा इतकी साधी आहे की ऐकून आश्चर्य वाटते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि तिरपे करायचे. वाहिले तर विष भिनले आहे. नळी मात्र साबणाच्या पावडरीने धुतलेली नसावी, नाहीतर निष्कर्ष चुकतो.

आपल्याकडील सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. लसीची कधी कधी तीव्र रिअॅक्शन येते, म्हणून डॉक्टर अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवतात. त्यामुळे ती घरी टोचण्याची गोष्ट नव्हे.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात वर्षाला सुमारे 46 हजार माणसे सर्पदंशाने मरत होती. त्यांतली शंभरात सत्त्याण्णव खेड्यातली, आणि तीन चतुर्थांशाहून अधिक दवाखान्याबाहेर मेलेली. भांगलणीला व ऊसतोडीला जाणारी आणि खाट नसलेली ही माणसे कोण, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

काही उपासक विचारतात, खंध परित्त सर्पभयासाठीच आहे ना? होय, एक भिक्षू सर्पदंशाने मरण पावला तेव्हा भगवंतांनी सर्पकुलांविषयी मैत्रीचे ते परित्त सांगितले. परंतु विनयात त्यांनी दंशावर त्या काळच्या औषधांनाही अनुमती दिली आहे. परित्त अवश्य म्हणावे, पण गाडीत बसल्यावर!

दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. अंगठी, जोडवी, गंडे काढावेत. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव फळीला सैल बांधावा, रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे, आणि दंशाची वेळ कागदावर लिहावी. खूण नसली, पण पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याचे पहाटे पोट दुखून पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार समजावा. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. ती येण्यास उशीर होणार असेल, तर गावातली जीप काढावी. सर्वांत जवळचे, लस व श्वास देण्याची सोय असलेले रुग्णालय कोणते आणि रात्री कोणाची गाडी मिळते, हे आम्ही आता पावसाळ्यापूर्वी चौकशी करून गावच्या विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवतो. पोरे खेळता खेळता पुसतात. मग पुन्हा लिहितो.