दगडावर आकडा, नावं आपल्या वहीत



या महिन्याच्या बैठकीत बचत आणि हप्ते जमा झाले, की एकीने हा पाठ मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी ऐकावा आणि मग बोलावं.

सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी फरशी बसवलेली दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ती लावली. त्यावर इंग्रजीत एवढंच असतं, की या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे बघा. घरोघरी फौजेतली माणसं, म्हणून गावाला नावच पडलं ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक आजही गावात आहे.

आपल्याकडचे बरेच जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. तिथे कूट गावाला डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. आत मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. पुढे कैदेतही कितीतरी जण मेले.

इराकमधल्या बसरा इथे ४०,००० हून जास्त मृतांचं स्मारक उभारलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या! स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली.

आता आपली गटाची वही आठवा. ‘दहा जणींची बचत जमा’ एवढंच लिहून आपल्याला चालतं का? नाही. प्रत्येकीचं नाव, त्यापुढे रक्कम. नाव नसेल तर उद्या हिशोब कुणाचा मागायचा? गावच्या माणसांचंही तसंच आहे. आणि त्यांच्यामागे ज्यांनी शेत ओढलं, पोरं वाढवली, त्या बायकांचा तर दगडावर आकडासुद्धा नाही.

बैठकीत करून बघा

१. गावात अशी फरशी किंवा स्तंभ आहे का? त्यावरचं शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या आणि मराठीत वहीत उतरवा.

२. थोरल्या आज्जींना विचारा: फौजेत कोण गेलं, कोण परतलं नाही, मागे घरी कोण होतं? जवानाच्या नावाखाली त्याच्या आईचं, बायकोचं नावही लिहा.

३. सगळ्या आळ्यांत जा. १९१७ मध्ये महारांची वेगळी पलटणही उभी राहिली होती. एकही वस्ती सोडू नका.

४. पलटणीचा कागद, पदक, जुनं पत्र कुणाकडे असेल तर मोबाईलवर फोटो काढा. मूळ वस्तू त्या घरातच राहू द्या.

५. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. काही नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नावही असतं.

अजून एक काम. आपल्या गटात जवानाची किंवा माजी सैनिकाची विधवा असेल, तर तिच्या पेन्शनचे आणि ओळखपत्राचे कागद नीट आहेत का, हे विचारा. अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्यासोबत दोघीजणी जा. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्याआधी हे झालं तर उत्तमच.

आज्जींकडे मात्र याच आठवड्यात जा. त्यांच्याइतकं जुनं आठवणारं गावात दुसरं कुणी नाही. यादी झाली की ग्रामसभेत वाचून दाखवा आणि एक प्रत शाळेत ठेवा.