व्यायामाच्या अॅपची वर्गणी विम्यातून परत मिळते का?



जाळं ओढून ओढून कंबर धरते, म्हणून आपली पोरं घरीच व्यायाम शिकवणारं अॅप पैसे भरून घेतात. मग विचारतात, हे बिल विम्यात लागेल का?

आयुष्मान कार्डावर नाही लागणार. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण दवाखान्यात भरती झाल्यावरच, आणि पैसा थेट दवाखान्याला जातो. नुसत्या तपासणीची फीसुद्धा त्यात बसत नाही, तिथं अॅप कुठून बसणार!

खासगी पॉलिसीचं वेगळं आहे. विमा नियामकाच्या सूचनांप्रमाणे कंपनी तंदुरुस्तीसाठी पॉइंट, हप्त्यात सूट किंवा जिम-योगाचं व्हाउचर देऊ शकते. देऊ शकते, द्यायलाच पाहिजे असं नाही. पॉलिसीच्या कागदात 'वेलनेस' हा शब्द शोधा, कंपनीला लेखी विचारा, मगच वर्गणी भरा. बिल विमा असलेल्याच्याच नावाने घ्या. (कंबरेच्या साध्या व्यायामाला तसेही पैसे लागत नाहीत.)

माझ्या मते त्याआधी मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा बघा. वय १८ ते ७०, हप्ता सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख, अपघाताने भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत खर्च. म्हणून भरतीचं प्रत्येक बिल आणि सुट्टीचा कागद जपून ठेवा.

डोंगा मालकांनी सोबत काम करणाऱ्यांचीही नावं यादीत आहेत का ते बघावं. नसल्यास आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेऊन कार्यालयात या.