मेकअपच्या जटा

मनू, तुझे फोटो पाहिले. बाराच्या बारा. पुलाखालचा तो पिवळा उजेड सुरेख पकडलायस, त्यात वादच नाही. आजीच्या ट्रंकेतली फाटकी गोधडी, केसांत राख, गालापर्यंत ओघळलेलं काजळ आणि खाली कॅप्शन, ‘वेडी’. मावशीचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "पोरीचं काही बिनसलंय का गं?" मी म्हटलं, काही नाही, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. रागवायला लिहीत नाहीये. फोनवर तू मध्येच तोडतेस, म्हणून लिहितेय.

आधी माझी कबुली ऐक. २००३ साली ‘तेरे नाम’ सिनेमा आला, तेव्हा मी बारावीत होते आणि तो मी तीनदा पाहिला. त्यातल्या नायकाचा, राधेचा, मधोमध भांग आणि दोन्हीकडून डोळ्यांवर आलेली झुलपं. गल्लीतल्या निम्म्या पोरांनी तसेच केस वाढवले होते, आपल्या दोन्ही दादांनी तर वाढवलेच. पुढे तो राधे डोकं भादरलेला, साखळदंडात दिसतो आणि आम्ही मैत्रिणी ओढणीत तोंड खुपसून रडायचो. वाटायचं, प्रेम असावं तर असं. बरं, त्याच्या दोनच वर्षं आधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली होती. तिथले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण गेले. ती बातमी माझ्या डोळ्यांखालून गेलीही असेल, आठवत नाही. सिनेमातल्या साखळीसाठी मात्र मी तीनदा तिकीट काढलं.

आणि ‘तेरे नाम’च्याच वर्षी आपला धाकटा मामा घरातून निघून गेला.

तू त्याला ओळखतेस ते गोळ्या सुरू झाल्यानंतरचा. सुटलेलं पोट, थरथरणारा हात, कपातून बशीत सांडलेला चहा. तू लहानपणी त्याला हसायचीस, आठवतंय? आम्हीही हसायचो. तो अकरा दिवसांनी मिरज स्टेशनवर सापडला. घरी आणला तेव्हा केसांचा नुसता एक गठ्ठा झालेला, कंगवा सोड, कात्रीही शिरेना. नाना त्याला न्हाव्याकडे घेऊन गेले, मी मागे हातात मग घेऊन. न्हावी म्हणाला, "खुर्चीत नको, मागे बसवा." आत दोन पोरं ‘तेरे नाम’ कट करून घेत होती आणि मागच्या मोरीपाशी मामा उकिडवा बसला होता. नानांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. गठ्ठा निघाला तशी खाली जखम दिसली, चिघळलेली. तो वास तुला लिहून नाही सांगता येत. मामा मध्येमध्ये एवढंच विचारत होता, चहा मिळेल का.

म्हणून तुझ्या केसांतली राख पाहिली आणि माझा हात थबकला. तुझा दोष नाही, तुझ्या या फॅशनच्या धंद्यात ही जुनी खोड आहे. जानेवारी २००० मध्ये पॅरिसला जॉन गॅलियानोने डिओरसाठी असाच शो केला. प्रेरणा कुठली, तर सीन नदीकाठी झोपणारी बेघर माणसं. उसवलेले, फाटके कपडे, अंगावर दारूच्या चिमुकल्या बाटल्या टांगलेल्या. खरे बेघर नंतर निषेधाला आले होते म्हणे. आणि २०१९ मध्ये मिलानला गुचीने मॉडेल्सना वेड्यांना बांधायच्या अंगरख्यांसारखे पांढरे कपडे घालून सरकत्या पट्ट्यावर उभं केलं, तेव्हा त्यातल्याच आयेशा टॅन जोन्सने तळहात वर केले. त्यावर लिहिलं होतं, मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे. ही गोष्ट तुझ्या सरांना जरूर सांग.

तू म्हणशील, ताई, मग दाखवायचंच नाही का काही? दाखव की. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ बघ, २००४ चा. अतुल कुलकर्णीला स्किझोफ्रेनिया झालेला आणि त्याला सांभाळणारी बहीण सोनाली कुलकर्णी. आजारासोबत घराची होणारी ओढाताण त्यात आहे. मला तो एका बैठकीत पुरा बघवला नाही, कारण तो आपल्या घरचा वाटला. आणि तुझा तो मित्र ‘फकिरी, फकिरी’ करतो ना, त्याला सांग, गाडगेबाबांनी चिंध्या स्वतः नेसल्या. दुसऱ्यांसाठी मात्र धर्मशाळा बांधल्या.

आणखी एक सांगते आणि मग मूळ मुद्द्यावर येते. मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना रस्त्यात एक तरुण दिसला, नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. काय फोटो झाला असता, नाही का? त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं, पोरगा पदवीधर, लॅब टेक्निशियनचं शिक्षण झालेलं, आंध्रात बाप वाट बघतोय. त्यातूनच १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली, आता कर्जतला आहे. रस्त्यावरून आणायचं, औषधं द्यायची, गावाचं नाव आठवलं की घरी पोचवायचं. हजारो माणसं अशी घरी गेली. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामात बघण्यासारखं फारसं काही नसतं गं. गोळ्या, आंघोळ, नखं कापणं, आणि रेल्वेचा लांबलचक प्रवास.

आता मुद्दा. तुझा सातवा फोटो उघड. तुझ्या डाव्या खांद्यामागे, धूसर, कोणीतरी झोपलंय. आधी मला पोतं वाटलं. मोठं करून पाहिलं तर पाय दिसले. तू त्याला मुद्दाम आउट ऑफ फोकस केलंस की त्याच्याकडे लक्षच गेलं नाही, हे मी विचारत नाही. पण तो आजारी असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भटकणाऱ्या माणसाची जबाबदारी पोलिसांवर टाकलीय. त्याला कोठडीत टाकता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावंच लागतं. चौकीत हे सांगितल्यावर समोरचा जांभई देईल, तरी सांगायचं, आणि ठाण्यात त्याच्या हरवल्याची नोंद झाली का तेही विचारायचं. काही सुचलं नाही तर १४४१६ लाव, टेली-मानस हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. एकटी जाऊ नकोस, मला बोलव, मी शनिवारी येते. आणि जाताना कॅमेरा घरी ठेव.

आज एवढंच कर. तो फोटो पुन्हा नीट बघ आणि मला कळव. त्याच्या उजव्या पायाला काहीतरी गुंडाळलेलं दिसतंय. बँडेज आहे का प्लास्टिकची पिशवी? तू तिथे दोन तास होतीस ना.