पहिली सायकल : नवी की जुनी?

गेल्या महिन्यात पंचेचाळिशीतले एक गृहस्थ मान आखडली, तळहाताला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात आले. व्यायामासाठी त्यांनी जुनी रेसर सायकल स्वस्तात घेतली होती. सायकल उत्तम होती. पण फ्रेम मोठी, हँडल लांब. दोष जुनेपणाचा नव्हता, मापाचा होता.

म्हणून नवी असो वा जुनी, आधी माप पाहावे. दांडीवरून दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहिल्यास मध्ये इंचभर जागा उरावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा.

जुनी घेताना जाणकार मिस्त्री सोबत न्यावा. फ्रेमला चीर किंवा चिमटा वाकलेला असल्यास सौदा सोडावा. कार्बनची जुनी फ्रेम टाळावी; आतली चीर दिसत नाही. चेनच्या 24 कड्या नव्या असताना 12 इंच भरतात. त्या सव्वाबारा इंचांकडे झुकू लागल्या तर चेन व फ्रीव्हील बदलावे लागेल. टायर, ब्रेकचे रबर यांचाही खर्च मिळवावा. बेरीज नव्या सायकलच्या जवळ गेली, तर हमी असलेली नवीच बरी.

वाचलेल्या पैशातून हेल्मेट मात्र नवेच घ्यावे.