कयफाचा हिशेब



२०२१ साली, करोनाच्या दिवसांत, दोन ते अठरा वर्षे वयाच्या मुलांवर कोव्हॅक्सिन लशीची चाचणी घेण्यात आली. देशभरात मिळून ५२५ मुलांवर ही चाचणी व्हायची होती आणि ती ज्या मोजक्या शहरांत झाली त्यांत आपले नागपूर होते. मोठ्यांवरील चाचणीही त्याआधी येथे झालीच होती. त्या मुलांच्या आईवडिलांपुढे एक कागद आला असेल, खाली सहीची जागा असेल. सही करावी की करू नये? आपल्या लेकराचे अंग दुसऱ्यांच्या लेकरांच्या भल्यासाठी पुढे करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा वाटतो, पण त्याचे मूळ फार जुने आहे. ते पवित्र शास्त्रात सापडते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला जिवंत केल्यानंतर धर्मसभा भरते. तेथे कयफा, त्या वर्षीचा प्रमुख याजक, एक हिशेब मांडतो: सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मेलेले बरे. हा हिशेब वाचताना आपण कयफाला दुष्ट म्हणून मोकळे होतो. पण शांतपणे पाहिले तर आकडेमोडीत चूक काढणे कठीण आहे. एक विरुद्ध अनेक. कोणत्याही कार्यालयात आज असा प्रस्ताव ठेवला तर माना डोलतील. चूक आकड्यात नाही. ज्या माणसाला मरायचे आहे त्याला कयफाने विचारलेलेच नाही, चूक ती आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठे संशोधन झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी केली. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची संशोधनातर्फे तपासणी करण्यात आली नाही. त्या तुलनेसाठी होत्या.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तुलनेच्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने टळतात, हे जगाला या मराठवाड्यातील बायांमुळे कळले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून असेच संशोधन झाले. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरची साधी तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. स्वस्त, सोपा, गरिबाला परवडणारा उपाय. आनंदाचीच गोष्ट आहे, आणि ती तशी नाही असे मी म्हणणार नाही.

पण एका अमेरिकन डॉक्टरांनी आक्षेप घेतला आणि मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही त्यावर बरीच चर्चा झाली. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील असेच तिसरे संशोधन धरून, तपासणी न केलेल्या गटांतील किमान २५४ स्त्रिया या रोगाने मरण पावल्या होत्या. पॅप तपासणीने हा रोग वेळेत सापडतो हे अर्ध्या शतकापासून ठाऊक असताना त्यांना ती का दिली नाही, हा त्यांचा प्रश्न. संशोधकांचे उत्तर असे, की देशात तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. या स्त्रियांना एरवी जे मिळाले असते ते, म्हणजे काहीच नाही, तेच त्यांना मिळाले, वर आरोग्यशिक्षण मिळाले. तुलना केली नसती तर स्वस्त उपाय खरोखर जीव वाचवतो की नाही हे कसे कळले असते?

दोन्ही बाजू मी जमेल तशा प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. संशोधकांना कयफा म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी कोणाला मारले नाही, आणि त्यांनी आयुष्य वेचून मिळवलेल्या ज्ञानाने पुढे पुष्कळ जीव वाचतील. तरी मला एक गोष्ट खटकते. "एरवी काहीच मिळाले नसते" हे वाक्य केवळ गरिबांच्या बाबतीत बोलता येते. धंतोलीतल्या बाईला कोणी ते ऐकवणार नाही. गरिबी हीच जेथे मोजपट्टी ठरते तेथे गरिबाला कमी देणे शास्त्रशुद्ध दिसू लागते.

येथे परमगुरू पायस बारावे यांचे एक भाषण आठवते. १४ सप्टेंबर १९५२ रोजी रोममध्ये मज्जासंस्थेच्या विकृतिशास्त्राच्या तज्ज्ञांपुढे त्यांनी वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादा सांगितल्या. नाझी डॉक्टरांवरील न्यूरेंबर्गच्या निकालाला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. परमगुरूंचा मुद्दा सोपा करून सांगतो. हाताला गँगरीन झाले तर शरीर वाचवण्यासाठी हात कापता येतो, कारण हात शरीरासाठीच असतो, त्याला स्वतःचे वेगळे जीवन नाही. पण माणूस समाजाचा अशा अर्थाने अवयव नाही. समाजासाठी त्याला कापून टाकता येत नाही. दुसरे, माणूस स्वतःच्या शरीराचाही पूर्ण मालक नाही. शेत कसणाऱ्याला पीक घेता येते, जमीन उद्ध्वस्त करता येत नाही, तसे. म्हणून केवळ "त्याने सही केली होती" एवढ्याने डॉक्टर सुटत नाही. कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या २२९५ व्या परिच्छेदातही हेच आहे: जे कृत्य मुळातच माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे ते संमतीने योग्य होत नाही.

मग शरीर दुसऱ्यासाठी द्यायचेच नाही का? तसे मुळीच नाही. योहानाच्याच दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो स्वतः होऊन तो देतो. कयफाने मागितले तेच मरण, पण प्रभूने ते दान केले. ओढून घेतलेले आणि दिलेले यांत हा फरक आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ते दान होते. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. ते स्वेच्छेने पुढे आले असे सांगतात. पण कुलपाआड असलेल्या माणसाच्या "हो"ला किती वजन द्यावे?

हाच प्रश्न कलेच्या दालनातही उभा राहतो. कोणी म्हणेल, चित्रकाराच्या हातात सुई नसते, त्याचा येथे काय संबंध? संबंध असा की चित्रकारही दुसऱ्याचे शरीर मागतो. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट (२०१८) काहींनी पाहिला असेल. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसणारी यमुना ही त्यातली नायिका. मुलाच्या शिक्षणासाठी ती हे काम करते आणि ते त्याच्यापासून लपवते. २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून हा चित्रपट वगळण्यात आला तेव्हा सगळा वाद नग्नता दाखवावी की नाही यावर झाला. माझ्या मते खरा प्रश्न राहून गेला. मुलाची फी भरायची नसती तर ती तेथे बसली असती का? उस्मानाबादच्या बाईचा आणि तिचा प्रश्न एकच आहे. शिकणारे शिकून जातात, चित्रावर सही चित्रकाराची राहते.

सह्यांवरून रेम्ब्राँचे १६३२ चे प्रसिद्ध चित्र आठवते, डॉ. टल्प यांचा शरीररचनेचा वर्ग. काळ्या पोशाखातील शल्यविशारद एका प्रेताभोवती जमले आहेत. एकाच्या हातात कागद आहे आणि त्यावर पुढे कोणीतरी त्या सर्व शल्यविशारदांची नावे लिहिली. प्रेताचे नाव त्यावर नाही. तो चोरीसाठी फाशी गेलेला एक माणूस होता. आरिस किंट या नावाने तो ओळखला जात असे, हे अन्य नोंदींवरून कळते. चित्रकाराने मात्र सर्वात जास्त उजेड त्याच्याच देहावर टाकला आहे. संशोधन-अहवालाच्या डोक्यावर लेखकांची नावे असतात आणि त्या ६४ जणींचा केवळ आकडा असतो, तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे येते. अहवालात नावे छापू नयेत हे गोपनीयतेसाठी योग्यच आहे. पण आकडा वाचताना उजेड कोणावर पडतो, हे आपण ठरवू शकतो.

आपल्या ख्रिस्तसभेचाही यात एक जुना धडा आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मायकेलअँजेलोला फ्लोरेन्समधील सांतो स्पिरितो मठाच्या प्रमुखाने मठाच्या रुग्णालयातील प्रेतांचा अभ्यास करू दिला. त्याची परतफेड म्हणून त्याने मठाला लाकडी क्रूस करून दिला. तो आजही त्या मठात आहे. त्यावरील येशूचा देह कोवळा, एखाद्या मुलासारखा आहे. ज्यांच्या देहांवरून तो ती रचना शिकला ते बहुधा फ्लोरेन्सचे अनाथ-गरीबच असतील, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. मठाधिपतींनी हेतू चांगला ठेवला, फळही सुंदर आले. तरी अडचण शिल्लक राहतेच. येथे मेडिकल किंवा मेयोमध्ये विद्यार्थी ज्या बेवारस देहांवर शिकतात ते १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने मिळतात. जो जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरतो त्याचा देह आणि बेवारस देह टेबलावर सारखेच दिसतात. एक दिलेला असतो, दुसरा घेतलेला.

परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बुधवारच्या भेटींमध्ये कलेतील मानवी देहाविषयी सलग बोलून ठेवले आहे. मालिकेतील शेवटचे बोलणे ६ मे रोजी झाले. पुढच्याच बुधवारी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देह ही एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला द्यायची भेट आहे, आणि चित्रात किंवा छायाचित्रात तो देह अनोळखी नजरांच्या हाती जातो तेव्हा कलाकारावर मोठी जबाबदारी येते, असा त्यांचा रोख होता. त्यांनी कलेला नग्नता वर्ज्य सांगितली नाही. देहातून व्यक्ती दिसते की व्यक्ती पुसून नुसता देह उरतो, हे त्यांनी पाहायला सांगितले. प्रयोगशाळेलाही हीच कसोटी चालेल.

आता पुन्हा त्या कागदाकडे येऊ. आपल्यापैकी कोणापुढे तो उद्या येऊ शकतो, कारण मोठी रुग्णालये संशोधन करतच राहणार आणि ते झाले पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे आणि त्याची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. ती घरी आणा, दोन दिवस ठेवा, शिकलेल्या कोणाला वाचायला द्या. तुलनेच्या गटात गेलो तर मला काय मिळेल, हे न लाजता विचारा. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार कोण करील तेही विचारा. मध्येच सोडून जाण्याचा हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. प्रवासखर्च मिळतो म्हणून सही करायची असेल तर निदान स्वतःशी तसे कबूल करा.

मुलांच्या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आईवडिलांच्या सहीवर थांबत नाहीत. सात ते बारा वर्षांच्या मुलाचे तोंडी "हो" आणि बारा ते अठराचे लेखी "हो" त्यांत मागितले आहे. आणि मुलाने मान हलवून नकार दिला, तर खाली बापाची सही असली तरी सर्वसाधारणपणे तो नकार मानायचा असतो.