80 चा भाव म्हणजे खात्री नव्हे! फुटबॉलच्या बाजारातून धंद्याचा हिशोब



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने विचारलं, "दादा, मॅचचा भाव 80 दाखवत असेल तर पैसे सेफच ना?" हा प्रश्न धंद्यातही येतो, म्हणून आजचा धडा त्यावरच.

भाव ठरतो कसा?

पॉलीमार्केट, कालशी अशा परदेशी अंदाज-बाजारांत प्रत्येक निकालाचा करार विकला जातो. निकाल तसाच लागला तर 1 डॉलर, म्हणजे 100 सेंट मिळतात, नाहीतर शून्य. भाव कुणी तज्ज्ञ ठरवत नाही. मंडईसारखंच, घेणारा आणि विकणारा जिथे जुळतात तो भाव. 80 सेंट म्हणजे बाजाराच्या मते साधारण 80 टक्के शक्यता. मुख्य खेळाडू जखमी झाल्याची बातमी आली की भाव लगेच हलतो.

आता वही घ्या

22 नोव्हेंबर 2022, कतारमधला वर्ल्ड कप, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. समजा भाव असे होते: अर्जेंटिना 80, बरोबरी 14, सौदी 8. बेरीज 102. वरचे 2 म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावातला फरक; तो आपल्याच खिशातून जातो.

80 ला घेऊन जिंकलात तर नफा 20, हरलात तर तोटा 80. एक हार चार विजयांचा नफा खाते! आणि झालं काय? सलग 36 सामने न हरलेली अर्जेंटिना 1-2 ने हरली. म्हणजे भाव चुकला का? तसं नाही. 80 टक्क्यांत पाचातून एकदा हरणं धरलेलंच असतं.

अटी वाचा

त्याच वर्ल्ड कपची फायनल 90 मिनिटांनंतर 2-2 होती. अर्जेंटिना शेवटी पेनल्टीवर जिंकली. करार "90 मिनिटांत विजय" असा असेल, तर कप जिंकूनही पैसे बुडाले.

दुकानात हेच घडतं

एका दिवाळीत मी "जाणारच" म्हणून 200 आकाशकंदील आणले. खरेदी 80 ला, विक्री 100 ला. गेले 150. खर्च 16,000, हातात आले 15,000. नफा तर नाहीच, वर हजाराचा फटका आणि 50 कंदील माळ्यावर. 160 विकले गेले असते तेव्हा कुठे मुद्दल सुटलं असतं. हा आकडा मी खरेदीआधी काढलाच नव्हता.

आणि हो, भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. आपल्याला खेळायचं नाही, हिशोब शिकायचाय.

गृहपाठ: पुढच्या खरेदीआधी दोन आकडे लिहा. मुद्दल सुटायला किती नग जायला हवेत? आणि मागच्या सीझनला खरोखर किती गेले? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तरच ऑर्डर द्या.

भेटूया पुढच्या धड्यात!