भरदार नाद आणि हाताचे सुख
(विद्युत गिटारच्या निवडीविषयी थोडेसे)

— द्वितीय वर्ष कला

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एक विद्युत गिटार विकत घेतली आणि चार महिन्यांनी तोटा सोसून परत केली. फ्रिज सोडला तर एवढी महाग वस्तू आमच्या घरात आजवर आलेली नव्हती. त्यासाठीचे १८,००० रुपये मी तीन वर्षे गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवून साठवले होते. परतीच्या वेळी दुकानदाराने कापून घेतलेले ४,००० रुपये म्हणूनच अजून मनातून जात नाहीत. आपली चूक नेमकी कोठे झाली, हे शोधताना जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, ते येथे मांडत आहे. आपल्या महाविद्यालयात गिटार घेऊन येणारे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांपैकी एखाद्याचे पैसे आणि मनगट वाचले, तरी लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

प्रथम बेंजोविषयी. आमच्या वस्तीत ज्याला बेंजो म्हणतात, ते परदेशी बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग. त्याचे मूळ ताइशोगोतो या जपानी वाद्यात आहे. गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये नागोया येथे तयार केले. यात तार बोटाने दाबायची नसते. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात, त्या डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मिरवणुकीतल्या बेंजोला पिकअप बसवलेले असते, त्यामुळे आवाज थेट भोंग्यात जातो. विद्युत गिटारच्या नादाची ओढ मला तेथूनच लागली.

मला हवा होता भरदार नाद. म्हणजे असा की, खर्जाची तार छेडली तर स्वर अंगावर यावा, पातळ किंवा कर्कश वाटू नये, आणि तंबोऱ्यासारखी त्याची आस बराच वेळ टिकावी. दुकानात मी लेस पॉल घडणीची, जाड लाकडाची एक गिटार निवडली. दुकानदार म्हणाला, "जाड तार, जाड आवाज," आणि त्याने ११ नंबरच्या तारा चढवून दिल्या. स्टुलावर बसून मी दहा मिनिटे वाजवली. कान खूश झाले. हाताला मी काही विचारलेच नाही.

महिनाभरात डाव्या मनगटात कळ येऊ लागली. उभे राहून वाजवले की खांदा भरून येई. जानेवारीत डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्यामुळे लग्नसराईतल्या चार सुपाऱ्या गेल्या. माझी परीक्षा-फी त्या पैशांतून भरली जाते. म्हणजे ही बाब केवळ हौसेची राहिली नाही.

नाद भरदार होतो तो कशाने?

साध्या गिटारीत तारेला स्वतःच्या जोरावर लाकडी पोट हलवावे लागते. तेथे जाड तारेचे महत्त्व उघड आहे. विद्युत गिटारीचे तसे नाही. तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. तिला मोठे करण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. तेव्हा नादाचा भरदारपणा मुख्यतः पिकअप आणि ॲम्प्लिफायर यांच्यावर अवलंबून असतो. जाड तारेने चुंबकापुढे थोडे अधिक पोलाद येते आणि वीज काहीशी अधिक मिळते, हे खरे. पण तो फरक दुकानदार सांगतो तेवढा मोठा नाही.

पिकअपचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला एकेरी वेटोळ्याचा. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांच्या कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली. तिच्यात असे तीन एकेरी पिकअप होते. त्यांचा आवाज स्वच्छ आणि टोकदार असतो, परंतु घरातील विजेची घरघरही ते पकडतात.

दुसरा प्रकार दुहेरी वेटोळ्याचा, म्हणजे हम्बकर. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो घडवला, आणि १९५२ पासून विकल्या जाणाऱ्या लेस पॉल गिटारीवर तो १९५७ पासून बसू लागला. त्याची युक्ती आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही समजण्यासारखी आहे. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची, त्यांची दिशा एकमेकांच्या उलट ठेवायची आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवायचे. बाहेरची घरघर दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते. दिशा उलट असल्यामुळे ती एकमेकांना मारते. तारेच्या बाबतीत मात्र चुंबकही उलट आणि वेटोळेही उलट, म्हणजे दोन नकारांचा होकार होतो आणि आवाजाची बेरीज होते. शिवाय अतितार स्वरांची धार थोडी बोथट होते. ही बेरीज आणि हा बोथटपणा मिळून आपण ज्याला भरदार म्हणतो तो नाद बनतो. त्यातही घोडीजवळचे पिकअप टोकदार बोलते आणि मानेजवळचे गोल बोलते.

हात शिणतो तो कशाने?

येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : तारेचा ताण, मानेची जाडी आणि वाद्याचे वजन.

ताणाचा नियम मर्सेन या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात मांडला. विज्ञान शाखेतील एका मित्राने त्यावरून मला गणित करून दिले. स्वर तोच ठेवला, तर ताण तारेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे आणि जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. फेंडर घडणीत तारेची बोलती लांबी २५½ इंच असते, गिब्सन घडणीत २४¾ इंच. फरक पाऊण इंचाचा, पण त्याने ताण सुमारे ६ टक्के उतरतो. जाडीचा परिणाम याहून कितीतरी मोठा आहे. लांब घडणीच्या गिटारवर १० नंबरची पहिली तार सुमारे ७.३ किलोच्या ताणाने ओढलेली असते, तर ९ नंबरची सुमारे ६ किलोच्या. माझ्या पहिल्या गिटारवर ११ नंबर काढून ९ नंबर चढवले असते, तर पहिल्या तारेचा ताण एक तृतीयांशाने उतरला असता! पुढे मी ते करून पाहिले. बोटांना आराम पडला आणि ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या आवाजात घरच्या कोणालाही फरक कळला नाही.

मग ती परत का केली? कारण ताण उतरला तरी मान आणि वजन तसेच राहिले. तिची मान माझ्या पंजाला फार जाड होती. येथे एक सावधगिरीची सूचना : बारीक मान सर्वांनाच सुखाची असते असे नाही. काहींचा अंगठा बारीक मानेवर अधिक आवळला जातो. वजनाचे म्हणाल तर लेस पॉल घडण सुमारे ४ ते साडेचार किलो भरते. गिब्सनने १९६१ मध्ये तिच्या जागी पातळ देहाची, दोन्ही बाजूंनी शिंगांसारखी कोरलेली घडण आणली. तीच पुढे एसजी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे वजन साधारण ३ किलो. पिकअप तेच, बोलती लांबी तीच, आणि खांद्यावरचा भार किलोभराने कमी.

बर्मिंगहॅमचा कामगार

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात सापडते. टोनी आयोमी हा १७ वर्षांचा मुलगा तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, गैरहजर कामगाराच्या जागी त्याला यंत्रावर उभे केले गेले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. गिटार संपली असेच सर्वांना वाटले. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही जँगो युरोपातील श्रेष्ठ गिटारवादक झाला होता.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि त्यांवर कातडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. त्या काळी गिटारसाठी तशा बारीक तारा सहज मिळत नसत. पुढे ब्लॅक सॅबथ या त्याच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी मुद्रित होत असताना त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप बिघडले, आणि हाताशी असलेली हलकी एसजी त्याने उचलली. तीच मग त्याची ओळख बनली. १९७१ च्या तबकडीत तर त्याने काही गीतांसाठी सर्व तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. गणिताने पाहिले तर तेवढ्याने ताण सुमारे २९ टक्के कमी होतो.

आता गंमत पाहा. बारीक तारा, ढिला ताण, हलके वाद्य. हे सारे दुखऱ्या बोटांच्या सोयीसाठी. आणि त्यातून निघालेला नाद? रॉक संगीतात त्याहून जाड आणि अवजड नाद तोवर क्वचितच कोणी ऐकला असेल. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा पाया त्यावर उभा राहिला. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमात, ७७ व्या वर्षी, हाच हात वाजवत होता.

याला उलट उदाहरणही आहे, ते लपवणे योग्य नव्हे. टेक्सासचा स्टीव्ही रे वॉन स्ट्रॅटोकास्टरवर १३ नंबरच्या तारा वापरी आणि त्याचा नाद विलक्षण भरदार होता. पण त्यानेही तारा अर्धा स्वर उतरवलेल्या असत, आणि बोटांची सालटी निघाली की तो ती गोंदाने चिकटवून वाजवी. त्याच टेक्सासचा बिली गिबन्स ७ नंबरच्या तारांवर तितकाच जाड नाद काढतो. यावरून मला एवढेच दिसते की, जाड नादाला जाड तार हा एक रस्ता आहे, एकमेव नव्हे. आणि तो प्रत्येकाच्या हाताला परवडणारा नाही.

दुकानात काय पाहावे?

माझ्या अल्प अनुभवावरून काही सूचना करतो.

१. आधी ॲम्प्लिफायर न लावता गिटार वाजवून पाहावी. आवाजाने कान भुलले की हाताची तक्रार ऐकू येत नाही.

२. पट्टा अडकवून निदान वीस मिनिटे उभे राहावे. एसजी घडणीत एक दोष असतो : देह हलका असल्यामुळे मान खाली झुकते आणि डाव्या हाताला ती सावरत बसावे लागते. रुंद, खरखरीत कातडी पट्ट्याने हा दोष बराच कमी होतो.

३. पहिल्या पडद्यावर सहाही तारा एका बोटाने दाबून पाहाव्यात. तेथे फार जोर लागला तर तारांची उंची तपासावी. बाराव्या पडद्यावर तार दीड ते दोन मिलिमीटर उंच असली की पुष्कळ झाले. ही उंची आणि मानेतील सळई जुळवून देता येते, तेव्हा केवळ या कारणाने चांगली गिटार नाकारू नये.

४. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवावे. स्वस्त गिटारीत त्या टोचतात.

५. एवढे जमले की मगच तार जोडावी, आणि भरदार नाद हवा असेल तर निदान एक हम्बकर आहे का ते पाहावे. पिकअप पुढे बदलता येते, तारा बदलता येतात, ॲम्प्लिफायर बदलता येतो. मानेचा आकार आणि लाकडाचे वजन मात्र बदलता येत नाही. म्हणून जे बदलता येत नाही ते हाताने निवडावे. जे बदलता येते ते कानावर सोडावे.

मार्चमध्ये मी पहिली गिटार देऊन एसजी घडणीची, कोणीतरी वापरलेली गिटार घेतली आणि तिच्यावर ९ नंबरच्या तारा चढवल्या. मनगटाची कळ पुन्हा आली नाही.

शेवटी एक घरची गोष्ट. माझे वडील ठाण्याला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. मी पाचवीत असताना त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे प्रेसखाली गेली. आमच्या पार्टीत बेंजो मुळात तेच वाजवत. जखम भरल्यावर त्यांनी त्या दोन कळांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि पुढच्या गणपतीला उभे राहिले. लहानपणापासून मी ते रबर पाहत होतो. जुना बेंजो, काहीतरी दुरुस्ती असेल, असेच समजत होतो. आयोमीची टोपणे वाचली त्या रात्री मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "अरे, बोट काय वाद्यासाठी बदलता येतंय? वाद्यच बदलायचं."

गिटार घ्यायला निघालो, तेव्हा दुकानदाराऐवजी त्यांना बरोबर न्यायला हवे होते. दुसऱ्या वेळी नेले.